रडलात, पण कुठल्या पानावर?

या अंकासाठी पोरापोरींना सांगितलं होतं, अभ्यासक्रमात नसलेलं, आपल्या मनाने वाचलेलं एखादं पुस्तक घ्या आणि त्यावर लिहा. मजकूर आला. जवळजवळ सगळ्यांचा सूर एकच: डोळ्यांत पाणी आलं, लेखकाने समाजाचं विदारक वास्तव मांडलं, सर्वांनी अवश्य वाचावं. पुस्तकाचं नाव खोडून दुसरं घातलं तरी चालून जाईल. मित्रांनो, याला मी हार म्हणतो. हार घालायला पुस्तक उघडावंसुद्धा लागत नाही.

'बलुतं'वर तिघांनी लिहिलंय. १९७८ चं पुस्तक. एकजण म्हणतो, मी रडलो. बरं. कुठल्या पानावर? तिथं तुला कोण आठवलं? काहीच नाही. दुसरा म्हणतो, घरातली लक्तरं चव्हाट्यावर कशाला मांडायची? हे मला बिलकूल पटत नाही, पण इथं निदान एक माणूस बोलतोय. त्याच्याशी भांडता येतं. तिसऱ्याने नुसती गोष्ट सांगितलीय.

तिघांपैकी एकालाही हा प्रश्न पडला नाही, की दया पवारांनी स्वतःचेच दोन का केले? सांगणारा दगडू मारुती पवार, ऐकणारा शिकलासवरलेला दया पवार. ही रचनाबिचना प्राध्यापकांवर सोडून देऊ नका. शहरात खोली भाड्याने बघायला जाताना आपण कोणतं नाव पुढं करतो? ऑफिसात आडनाव विचारलं की जीभ कुठं घुटमळते? ज्याने हे भोगलंय त्याला दगडू आणि दया वेगळे का बसलेत ते आतून कळतं. मग नुसतं 'माझंही असंच झालं' म्हणून थांबायचं नाही. हे दोघं कुठं एकमेकांना तोडतात, कुठं सांभाळून घेतात, ते पुस्तकातनं काढून दाखवायचं. अनुभव आपला, पण पुरावा पुस्तकातला.

'गोलपिठा' १९७२ ला आला तेव्हा प्रस्तावना विजय तेंडुलकरांची होती. बाहेरून आलेल्या वाचकाला त्यातले कित्येक शब्द अडले, आणि त्यांनी ते लपवलं नाही. प्रामाणिक वाचन. पण ज्या पोराला ते शब्द अडतच नाहीत, त्याला या कवितेत काय अडतं? ते तेंडुलकर कसे लिहिणार? ते त्यानेच लिहायचं.

कसं लिहायचं, हे बाबासाहेबांनीच दाखवलंय. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'साठी १९५६ साली लिहिलेली त्यांची प्रस्तावना मिळवून वाचा. १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत ती नव्हती. केळुसकर गुरुजींनी आपलं बुद्धचरित्र भेट दिलं. पोराने ते वाचलं, हलून गेला, आणि थेट बापाला विचारलं: तुम्ही आम्हाला रामायण-महाभारतच का वाचायला लावता? सुभेदार रामजींनी सांगितलं, अस्पृश्य म्हणून तुमच्या मनात कमीपणा बसू नये म्हणून. द्रोण, कर्ण बघा, कुठून कुठं गेले. वाल्मीकी तर कोळी. उत्तरात जोर आहे हे पोराने मानलं, तरी समाधान झालं नाही. भीष्म-द्रोण बोलतात एक, करतात दुसरंच. रामाचं म्हणाल तर शूर्पणखा, वाली आणि सीता, तिन्ही ठिकाणी तो खटकला. बाप गप्प झाला.

बघा, यात 'अप्रतिम' कुठंय? जीव गुंतलाय, बापाशी वाद आहे, आणि प्रत्येक म्हणण्याला ग्रंथातला प्रसंग आहे. आणि पोरगा बुद्धाकडे रिकाम्या डोक्याने गेला नाही. आधी वाचलेलं हाताशी होतं, त्याच्याशी ताडून बघत गेला. एकच पुस्तक वाचून त्याच्यावर लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

पुढच्या अंकासाठी दीड पान पुरे. पानाचा आकडा घाला. 'विदारक' शब्द दिसला की मजकूर परत येईल. बागूल, पवार, ढसाळ आपले आहेत म्हणून त्यांना सूट देऊ नका. ढसाळांच्या कवितेतली बाई आपल्या मुलींना कशी वाटते, हे या पानांवर अजून एकीनेही लिहिलेलं नाही. तो मजकूर आला तर पहिलं पान त्यालाच.