आकाशाच्या पार्श्वभूमीवरील वास्तू : वाइड अँगल छायाचित्रणाची चिकित्सा

इमारतीच्या छायाचित्रात उभ्या रेषा वरच्या बाजूस एकमेकींकडे झुकलेल्या दिसल्या की त्याचे श्रेय अथवा दोष वाइड अँगल भिंगाला दिला जातो. ही समजूत तपासून घ्यावी लागते. रेषा झुकतात त्या कॅमेरा वर कलल्यामुळे. फिल्मचे किंवा संवेदकाचे प्रतल दर्शनी भिंतीशी समांतर राहिले, तर त्याच भिंगातून त्या समांतर उमटतात. भिंगाचे खरे कार्य निराळे आहे. ३५ मि.मी. फिल्मवर ५० मि.मी. भिंगाचा दृश्यकोन सुमारे ४६ अंशांचा, तर २४ मि.मी. भिंगाचा सुमारे ८४ अंशांचा असतो. परिणामी छायाचित्रकाराला इमारतीच्या अगदी निकट जाता येते आणि या निकटतेमुळेच जवळचे भाग अवाजवी मोठे व दूरचे अवाजवी लहान होतात.

अलेक्झांडर रॉडचेन्को यांनी १९२५ मध्ये मॉस्कोतील म्यास्नित्स्काया रस्त्यावरील, ते स्वतः राहत असलेल्या इमारतीचे सज्जे खालून टिपले. १९२८ मध्ये ‘सोवेत्स्कोये फोतो’ या नियतकालिकातून त्यांच्यावर पाश्चात्त्य छायाचित्रकारांच्या अनुकरणाचा आरोप झाला. त्याला ‘नोव्ही लेफ’मधून उत्तर देताना, नाभीच्या उंचीवरून समोरचे दृश्य टिपणे ही जुनी सवय मोडलीच पाहिजे, अशी भूमिका त्यांनी घेतली. त्यांचा तिरपा कोन ही वैचारिक निवड होती हे यावरून स्पष्ट होते. तथापि, ती यशस्वी का झाली याचे एक कारण इमारतीतच आहे. एकावर एक येणारे सारखे सज्जे हाच तिथला आशय. ज्याकडे नजर चढत जावी असे शिखर तिला नाही. दूरचा सज्जा लहान झाल्याने काहीच हरवत नाही, उलट लय मिळते.

मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या बाबतीत मात्र हेच तंत्र वास्तूच्या विरोधात जाते. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ ते १८८८ या काळात उभ्या राहिलेल्या आणि २००४ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या या वास्तूची रचना चढत्या क्रमाची आहे. प्रवेशद्वाराच्या खांबांवर सिंह व वाघ, त्यांमागे कमानी, मध्यभागी अष्टकोनी घुमट आणि त्यावर हाती मशाल व चक्र घेतलेली ‘प्रगती’ची मूर्ती. प्रवेशद्वारालगत वाकून २४ मि.मी. भिंग वर रोखले की हा क्रम उलटा होतो. सिंह घुमटाएवढा दिसतो आणि ‘प्रगती’ निळ्या आकाशातील एक ठिपका होऊन बसते. छायाचित्र भव्य वाटते खरे. पण ती भव्यता स्टीव्हन्स यांची नव्हे.

आकाशाचे काय? लिनियस ट्राइप यांच्या १८५० च्या दशकातील निगेटिव्ह निळ्या प्रकाशाला अतिसंवेदनशील असल्याने आकाश कोरे पांढरे येई. म्हणून ब्रह्मदेशातील देवळांच्या मागे ते निगेटिव्हवर हाताने ढग रंगवीत. आजचा पोलरायझर फिल्टर तेच काम सोयीने करतो, मात्र वाइड अँगल भिंगावर तो फसवतो. सूर्यापासून ९० अंशांवरील पट्टाच सर्वाधिक गडद होतो, उरलेले आकाश फिकेच राहते. अशा डागाळलेल्या निळाईचे कौतुक होते, हे थोडे गमतीचेच आहे.

या अडचणीवर उपाय अस्तित्वात आहे. मोठ्या कॅमेऱ्यांत पूर्वीपासून असलेली भिंग वर सरकवण्याची सोय निकॉनने १९६२ मध्ये ३५ मि.मी. कॅमेऱ्यासाठीही आणली. ते भिंग घेऊन समोरच्या महापालिका इमारतीच्या पदपथावर, म्हणजे स्टीव्हन्स यांच्याच दुसऱ्या वास्तूच्या पायाशी उभे राहिल्यास घुमट आपल्या मापात येतो, मूर्तीही ओळखू येते. मात्र तेथून चौकटीच्या तळाशी बसचे टप, टॅक्सी आणि रस्ता ओलांडणारी माणसे शिरतात. बहुसंख्य छायाचित्रकार प्रवेशद्वारालगत वाकतात ते बहुधा हे टाळण्यासाठीच.