बाळाची भूक आणि आकड्यांची साक्ष

वाटी रिकामी झाली म्हणजे बाळ जेवले, अशी आपल्याकडे समजूत असते. बाळाने ओठ मिटले, तोंड फिरवले तरी काऊ-चिऊच्या नावाने आणखी दोन घास आत जातातच. पोट भरल्याची जाणीव बाळाला उपजत असते, ती सतत डावलल्यास बोथट होते आणि पुढे स्थूलतेला वाट मिळते, असा एक विचार पोषणशास्त्रात मांडला जातो. यावर उपाय म्हणजे बाळाच्या खुणा ओळखून भरवणे. काय द्यायचे ते मोठ्यांनी ठरवावे, किती खायचे ते बाळाने.

हा विचार कसोटीला लावणारा 'इनसाइट' नावाचा प्रयोग अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात झाला. मुले तीन वर्षांची होईपर्यंतचे निष्कर्ष २०१८ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ते कितपत भक्कम आहेत, हे पाहू.

प्रथमच आई झालेल्या २७९ स्त्रियांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट होते. एका गटाला परिचारिकांनी घरी जाऊन बाळाच्या खुणा ओळखायला शिकवले. दुसऱ्या गटाकडेही परिचारिका गेल्या. पण त्यांनी घरातील अपघात कसे टाळावेत हे सांगितले. ही रचना वाखाणण्याजोगी आहे. नुसत्या भेटींचा परिणाम दोन्ही गटांवर होणारच. म्हणून उरलेला फरक शिकवणीचा मानता येतो.

तो फरक किती? वय व लिंग लक्षात घेऊन प्रमाणित केलेला बीएमआय पहिल्या गटात सरासरी −०.१३, तर दुसऱ्यात ०.१५ आला. अंतर ०.२८, पण त्याची विश्वासमर्यादा ०.०१ ते ०.५३. म्हणजे खरा फरक जवळजवळ शून्यही असू शकेल. अखेरपर्यंत टिकलेल्या प्रत्येकी ११६ मुलांपैकी स्थूल मुले पहिल्या गटात ३, दुसऱ्यात ९. 'स्थूलता एक तृतीयांशावर आली' असा मथळा यातून सहज निघेल. वर्गात हे करून पाहावे: १२ वेळा नाणे उडवले, तर ९-३ किंवा त्याहून एकांगी विभागणी होण्याची शक्यता ५९८/४०९६, म्हणजे सुमारे सातात एक. एवढ्यावर मथळा उभा राहत नाही.

दुसरा आक्षेप श्रेयाचा. या मातांना भरवण्याबरोबरच बाळाला झोपवणे, रडे शांत करणे आणि खेळवणे यांविषयीही शिकवले होते. मग फरक घासांमुळे पडला की झोपेमुळे? या रचनेतून ते वेगळे काढता येत नाही.

तिसरा आक्षेप व्याप्तीचा. यातील ८६ टक्के माता गौरवर्णीय होत्या, आणि खाजगी विमा असलेल्याही ८६ टक्के. जिथे बाळाला आजी, मावशी किंवा पाळणाघरातील बाई भरवते, तिथे केवळ आईला शिकवून काय साधणार? शिवाय २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतातील पाच वर्षांखालील सुमारे ३६ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. ही पद्धत 'कमी भरवण्याची युक्ती' म्हणून इथे पोहोचली, तर अनर्थ होईल.

वस्तुतः ती तशी नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली ६ ते २३ महिन्यांच्या बालकांसाठी ही पद्धत सुचवली, ती केवळ स्थूलतेच्या भीतीने नव्हे. मंद खाणाऱ्या बाळाला धीराने, त्याच्याशी बोलत, जबरदस्ती न करता खाऊ घालणे हाही तिचाच भाग आहे.

तेव्हा बाळाचे मिटलेले ओठ मानावेत, हा सल्ला उत्तम. त्याला खर्च नाही. पण 'याने स्थूलता टळते' हे विधान अजून सिद्ध झालेले नाही. चांगला सल्ला आणि सिद्ध झालेला दावा यांतील हा भेद विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी इतके घरगुती उदाहरण क्वचितच मिळेल.