लाकडं संपली, त्याचं काय?

2021च्या मे महिन्यात एक गुजराती कविता माझ्या फोनवर दोन दिवसांत तीन वेळा आली. पहिल्यांदा गुजरातीत, कवीच्या नावाशिवाय. मग हिंदीत. मग इंग्रजीत, सलिल त्रिपाठी यांच्या अनुवादात. बडोद्याच्या मराठी घरात वाढल्यामुळे गुजराती मला अंगणातल्या खेळापासून येते, त्यामुळे मूळ कविता वाचायला अनुवादाची गरज नव्हती. तरी त्याच रात्री मी तिचा मराठी अनुवाद करायला बसले. का बसले, याचं उत्तर तेव्हा सोपं वाटलं होतं: एक महत्त्वाचा प्रश्न विचारला गेला आहे आणि तो माझ्या भाषेत यायला हवा. त्या प्रश्नाचं पुढे काय झालं आणि त्यात आम्हा अनुवादकांचा वाटा किती, हे आज लिहायचं आहे.

कविता पारुल खख्खर यांची, ‘शबवाहिनी गंगा’. पारुलबेन अमरेलीच्या. गझल आणि गीत लिहिणाऱ्या, भक्तीच्या वळणाच्या रचनांसाठी ओळखल्या जाणाऱ्या. राजकीय कवयित्री म्हणून त्यांचं नाव कुणी घेतलं नसतं. 10 मे रोजी बिहारमध्ये बक्सरजवळ चौसा इथं गंगेत वाहत आलेली प्रेतं दिसली. पाठोपाठ उत्तर प्रदेशातल्या गाझीपूरहून तशाच बातम्या आल्या. 11 मे रोजी त्यांनी चौदा ओळींची ही कविता फेसबुकवर टाकली. ना मासिक, ना संपादक, ना प्रस्तावना. काही दिवसांत ती हिंदी, इंग्रजी, आसामी, बंगाली, तमिळ, मल्याळम, भोजपुरी अशा भाषांत पोचली. एरवी गुजराती कवितेला मल्याळममध्ये जायला वीस वर्षं लागतात, आणि तीही बहुधा इंग्रजीच्या पुलावरून.

आधी शीर्षक पाहू. गुजरातीत ‘शबवाहिनी’ म्हणजे पालिकेची प्रेतं नेणारी गाडी. मराठीतली आपली ‘शववाहिनी’. हा कवितेतला शब्द नाही, गाडीच्या काचेवर रंगवलेला शब्द आहे. त्या महिन्यात तर तो शहरातल्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे होता. नदीला वाहिनी म्हणणं आपल्या भाषांत जुनंच. कवयित्रीनं एवढंच केलं की नदीची वाहिनी आणि पालिकेची वाहिनी एकमेकींसमोर उभ्या केल्या. जे काम गाडीनं करायचं ते नदी करते आहे, हा सगळा आरोप त्या एका सामासिक शब्दात बसला. इंग्रजी अनुवादकाला इथं धापा टाकाव्या लागतात, कारण त्या भाषेत प्रेताच्या गाडीचा शब्द नदीच्या जवळपासही येत नाही. मराठीत मात्र शब्द जसाच्या तसा उतरतो, वर जलवाहिनी, रक्तवाहिनी, वृत्तवाहिनी असे शेजारीही त्याला मिळतात. वृत्तवाहिन्यांनी त्या महिन्यात काय वाहून नेलं आणि काय नेलं नाही, हे आठवलं की तो शेजार टोचतो.

दुसरी गोष्ट ताल. कविता वाचताना पाय हलतो. गरब्याच्या ठेक्याला ती जवळ आहे, आणि गुजरातमध्ये मृत्यूनंतर बायका छाती पिटत जे मरसिये आणि राजिये गातात, त्यांनाही. राजाला ती थेट हाक मारते, पण ‘तमारा’ म्हणून, आदरानं. गुजराती घरात मोठ्या माणसाकडे गाऱ्हाणं न्यायचं ते ‘तमे’ म्हणूनच. प्रेतं एका सुरात बोलतात आणि तक्रार करत नाहीत. सगळं उत्तम चाललं आहे अशी ग्वाही देतात. मान आणि विलाप एकाच ठेक्यात चालतात, म्हणून उपरोध सोसवत नाही.

माझ्या पहिल्या खर्ड्यात मी ‘तुमच्या’चं ‘तुझ्या’ केलं. मराठीत देवालाही आपण ‘तू’ म्हणतो, राजाला म्हटलं तर काय बिघडलं, असा युक्तिवाद मी स्वतःशी केला. खरं कारण वेगळं होतं. मी रागावले होते, आणि ‘तुझ्या’मध्ये राग चांगला दिसतो. कवयित्रीनं जो राग आदराखाली दाबून धरला होता, तो मी वर काढून ठेवला.

आता माझ्या मते कवितेचं जे केंद्र आहे त्याकडे येते. कवितेच्या सुरुवातीलाच ‘खूटवुं’ हे क्रियापद पुन्हा पुन्हा येतं. मसणवट अपुरी पडली, लाकडांचे भारे संपले, डाघू संपले, रडणारे संपले. डाघू म्हणजे प्रेताबरोबर स्मशानात जाणारी माणसं. आपले खांदेकरी त्यातच आले. ‘खूटवुं’ हे घरातलं क्रियापद आहे. डब्यातलं पीठ खूटतं, महिन्याअखेरीस तेल खूटतं. घर चालवणारी बाई फडताळ उघडून जे म्हणते तेच कवयित्री राज्याचं फडताळ उघडून म्हणते. काय काय संपलं याची ती यादी आहे. अशा यादीला घरात एकच प्रश्न लागून येतो: आणून ठेवायचं काम कुणाचं होतं?

मराठीत ‘खुंटणं’ आहे, पण त्यानं वाढ खुंटते, तेल खुंटत नाही. मी ‘सरणं’ घेतलं. मग लक्षात आलं की आपल्याकडे चितेलाही सरणच म्हणतात. सरणं सरली! मी खूष झाले, ती जुळणी अनुवादात घातली आणि मित्रांना पाठवली. सगळ्यांनी त्या शब्दखेळाचंच कौतुक केलं. मुळात तो खेळ नाही. मुळात साध्या बाईचं साधं वाक्य आहे, आणि त्याचा साधेपणाच भयंकर आहे. माझा वाचक लाकडांपाशी थांबण्याऐवजी माझ्या हुशारीपाशी थांबला.

पण बहुतेक वाचक तिथंही थांबले नव्हते. चर्चा पेटली ती शेवटावरून आणि नावांवरून. राजा नागडा आहे ही कल्पना भारतीय वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. अँडरसनची गोष्ट आपण शाळेत वाचतो. बंगालीत नीरेंद्रनाथ चक्रवर्तींच्या ‘उलंग राजा’ या संग्रहाला 1974चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. चक्रवर्तींची कविता प्रश्न विचारणाऱ्या मुलाला शोधते. पारुलबेन ते काम वाचकावर सोपवतात. म्हणून त्या ओळी घोषणेसारख्या उचलल्या गेल्या. शिवाय बिल्ला आणि रंगा ही जोडी. दिल्लीत 1978मध्ये दोन भावंडांचं अपहरण आणि खून करून फाशी गेलेल्या गुन्हेगारांची ही नावं. समर्थकांनी ती मिटक्या मारत वाचली, विरोधकांना ती सहन झाली नाहीत. कवयित्रीवर शिव्यांचा पाऊस पडला.

मग जून 2021मध्ये गुजरात साहित्य अकादमीच्या ‘शब्दसृष्टि’ या मुखपत्रात संपादकीय आलं. त्यात कवितेचं नाव नव्हतं, पण रोख याच कवितेवर होता हे अकादमीचे अध्यक्ष विष्णु पंड्या यांनी नंतर वृत्तपत्रांना सांगितलं. याच पंड्यांनी पूर्वी पारुलबेनच्या कवितेची वाखाणणी केली होती. संपादकीयाचा मुद्दा दुहेरी होता. एक, ही कविता नाहीच, क्षोभातून निघालेला निरर्थक उद्गार आहे. दोन, ती पसरवणारे ‘साहित्यिक नक्षल’ आहेत आणि त्यांना अराजक हवं आहे. यावर दीडशेहून अधिक लेखक-कलावंतांनी निषेधाचं निवेदन काढलं. बाजू ठरल्या. यानंतर कवितेबद्दल बोलणारा प्रत्येक जण प्रत्यक्षात एक तर कवयित्रीबद्दल बोलत होता किंवा अकादमीबद्दल.

‘ही कविता आहे का’ हा प्रश्न समीक्षेचा आहे आणि तो विचारायला हरकत नसते. मला स्वतःला बिल्ला-रंगाची ओळ कवितेतली कच्ची जागा वाटते. यादीनं जे उघडं ठेवलं होतं ते नावं मिटवून टाकतात. कोण जबाबदार हे शोधण्याचं काम वाचकाकडून काढून घेऊन ती ओळ तयार उत्तर हातात देते, आणि यमक त्या उत्तराला गरजेपेक्षा जास्त पक्कं करतं. हे मी 2021मध्ये लिहिलं नाही. लिहिलं असतं तर ते संपादकीयाच्या पारड्यात पडलं असतं, ही भीती होती आणि ती खोटी नव्हती. पण त्याचा परिणाम असा झाला की समीक्षेचं माप एका बाजूनं काठी म्हणून वापरलं, दुसऱ्या बाजूनं खिशात ठेवलं. कविता म्हणून ती कुणीच वाचली नाही. आणि नीट न वाचल्यामुळे तिच्यात विचारलेला प्रश्नही हरवला.

हा दोष केवळ फोनच्या पडद्याचा आहे असं मला वाटत नाही. ‘साधना’चा 15 ऑगस्ट 1972चा अंक आठवावा. राजा ढाले यांनी ‘काळा स्वातंत्र्यदिन’ या लेखात दोन दंड समोरासमोर ठेवले होते: दलित स्त्रीच्या विटंबनेला 50 रुपये, राष्ट्रध्वजाच्या अपमानाला 300 रुपये. प्रश्न त्या दोन आकड्यांमधल्या अंतराचा होता. वादळ उठलं ते ध्वजाबद्दल वापरलेल्या भाषेवरून. त्या वादळानं दलित पँथरचं नाव महाराष्ट्रभर नेलं, हे खरंच. पण 50 रुपयांवर किती बोललं गेलं? साप्ताहिकाच्या छापील पानावर जे घडलं तेच एकोणपन्नास वर्षांनी पोस्टवर घडलं. प्रश्नातला सर्वांत झोंबणारा शब्द पकडायचा आणि प्रश्न सोडून द्यायचा, ही आपली जुनी सवय आहे. पोस्टनं तिला फक्त वेग दिला.

मला हरवलेला प्रश्न दाखवून दिला तो आमच्या इमारतीच्या रात्रपाळीच्या रखवालदारानं. त्याचं गाव बक्सर जिल्ह्यातलं. जून महिन्यात एका रात्री मी त्याला कविता हिंदीत वाचून दाखवली. खरं सांगायचं तर त्यानं भारावून जावं अशी माझी अपेक्षा होती. राजाच्या ओळींना तो नुसती मान हलवत राहिला. लाकडांपाशी मात्र त्यानं मला थांबवलं आणि परत वाचायला सांगितलं. मग म्हणाला, “ताई, लाकडाचं लिहिलंय ते खरं आहे. आमच्याकडे तेव्हा लाकडाचा भाव माणसाला परवडणारा राहिला नव्हता. ज्याला परवडलं त्यानं जाळलं.” काही जातींत प्रेत नदीत सोडण्याची रीत आहे हेही त्यानं सांगितलं, आणि लगेच पुढे, की एवढी प्रेतं रीतीनं येत नाहीत. मग त्यानं विचारलं, “यावर कुणी काही म्हणालं का?”

माझ्याजवळ संपादकीय होतं, निवेदन होतं, सात भाषांतले अनुवाद होते. लाकडांच्या भावावर काही नव्हतं.

खरं तर त्याच आठवड्यात त्या यादीची दुसरी बाजू छापून आली होती. ‘दिव्य भास्कर’नं 14 मे रोजी गुजरातमधल्या मृत्यूच्या दाखल्यांचे आकडे दिले: 1 मार्च ते 10 मे 2021 या काळात सुमारे 1 लाख 23 हजार दाखले, आदल्या वर्षी याच काळात सुमारे 58 हजार, आणि कोविडचे अधिकृत मृत्यू 4,218. पारुलबेनची पोस्ट आणि ही बातमी यांत तीन दिवसांचं अंतर आहे. एकीत काय संपलं ते आहे, दुसरीत का संपलं ते. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्या असत्या तर कवितेला अतिशयोक्ती म्हणणं अवघड गेलं असतं, आणि बातमीला नुसते आकडे म्हणणंही. पण आपल्याकडे साहित्याचे वाचक कवितेवर भांडले आणि आकड्यांचे वाचक आकड्यांवर. पुढे मे 2022मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं 2020-21 या दोन वर्षांत भारतात सुमारे 47 लाख अतिरिक्त मृत्यू झाल्याचा अंदाज मांडला. सरकारी नोंद त्याच्या साधारण एक दशांश होती, आणि सरकारनं तो अंदाज काढण्याची पद्धतच अमान्य केली. मोजणीचा तो वाद आजही मिटलेला नाही.

माझा अनुवाद मी गेल्या वर्षी पुन्हा काढला. ‘तुझ्या’चं ‘तुमच्या’ केलं. सरणं सरली ही जुळणी काढली. तिथं आता साधं ‘संपलं’ आहे, चारही वेळा तेच. अनुवाद आधीपेक्षा मंद झाला आहे. तो कुणी पुढे पाठवणार नाही, हे मला ठाऊक आहे. रखवालदार आता त्याच्या गावी गेला आहे, नाहीतर त्याला वाचून दाखवला असता. चार वेळा ‘संपलं’ म्हटल्यावर तो कुठं थांबवतो ते पाहायचं होतं.