फॅरेडेची मेणबत्ती आणि आपला ग्लासाचा प्रयोग

लहान मुलांना विज्ञान म्हणजे काय ते कसं सांगायचं? प्रश्न शिक्षकांचा वाटतो, पण संशोधनाची तयारी करणाऱ्यांनीही तो स्वतःला विचारून पाहावा. म्हणून या वेळी शोधनिबंध बाजूला ठेवून एका जुन्या पुस्तकाबद्दल लिहितेय: मायकेल फॅरेडेचं ‘द केमिकल हिस्टरी ऑफ अ कँडल’.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी नाताळातली व्याख्यानं १८२५ साली सुरू झाली. १८६०-६१ मध्ये फॅरेडेने दिलेली सहा व्याख्यानं विल्यम क्रुक्सने संपादित केली आणि १८६१ साली पुस्तक आलं. विषय एकच, जळणारी मेणबत्ती.

पुस्तकाची ताकद अशी की, फॅरेडे व्याख्या सांगत बसत नाही. वातीभोवती वितळलेल्या मेणाची वाटी का तयार होते? गरम हवा वर जाते, बाजूने गार हवा येते, त्यामुळे मेणाची कड घट्ट राहते. बरं, मग नेमकं जळतं काय? मेणबत्ती फुंकून लगेच तिच्या धुराला पेटती काडी दाखवा. ज्योत उडी मारून वातीवर येते. म्हणजे जळते ती मेणाची वाफ. पण तो एवढ्यावर थांबत नाही. ज्योतीच्या मधल्या काळसर भागात काचेची नळी धरून ती वाफ बाहेर काढतो आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला पेटवतो. एकाच दाव्याला दोन वेगवेगळे पुरावे!

आता आपल्याकडे बघा. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, शाळाशाळांत पाण्यातल्या मेणबत्तीवर ग्लास उपडा ठेवला जातो. मेणबत्ती विझते, पाणी चढतं. ‘ऑक्सिजन संपला, हवेत तो एक पंचमांश असतो, म्हणून पाणी तेवढं चढलं,’ असं सांगून टाळ्या घेतल्या जातात. खरं तर ज्योत विझते तेव्हा ग्लासात बराच ऑक्सिजन शिल्लक असतो. पाणी चढण्याचं मुख्य कारण म्हणजे आधी तापून प्रसरण पावलेली हवा गार होऊन आकसते. हे मुलांनाच तपासता येतं. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा, पाणी जास्त चढतं. हवा तेवढीच, ऑक्सिजन तेवढाच, मग फरक का? पाणी नेमकं कधी भरभर चढतं, विझण्याआधी की नंतर? चुकीच्या स्पष्टीकरणापेक्षा हे प्रश्न न विचारणं जास्त घातक आहे.

अर्थात फॅरेडेतही उणिवा आहेत. प्रयोग तो करतो, मुलं बघतात. मुलांनी घरी करून पाहावं असं तो सुचवतो, पण त्याचे प्रयोग जवळजवळ नेहमी यशस्वीच होतात. चुकीचा अंदाज बांधून तो मोडायची संधी मुलांना फारशी मिळत नाही. तिसऱ्या-चौथ्या व्याख्यानात पोटॅशियम, हायड्रोजन, विद्युत घट येतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना ते जड जाईल. त्यांच्यासाठी पहिलं व्याख्यान पुरे, आणि तेही समोर मेणबत्ती ठेवून, मोठ्यांच्या देखरेखीखाली.

तुम्ही मात्र सगळं वाचा. मुलाखतीत ‘तुमचा निष्कर्ष दुसऱ्या कुठल्या कारणाने आला नसेल कशावरून?’ असं विचारलं की अनेकजण गडबडतात. कारण लहानपणापासून उत्तरं दिली गेली, तपासायची सवय नाही. ती सवय सहाव्या वर्षी लावता येते. सव्विसाव्या वर्षीही लागते, फक्त कष्ट जास्त पडतात.