खुर्ची काळी, मेलेली पोरंही काळी

1972 साली आपल्या पोरांनी ‘पँथर’ हे नाव अमेरिकेतल्या काळ्यांकडून घेतलं. त्यांच्या कविता आपण वाचल्या, लढेही वाचले. पण लढ्यानंतर खुर्ची मिळाली तेव्हा काय झालं, यावर आपल्यात फारसं बोलणं नाही. म्हणून जेम्स बाल्डविनचं ‘द एव्हिडन्स ऑफ थिंग्ज नॉट सीन’ (1985) वाचा म्हणतो.

गाव अटलांटा. मार्टिन ल्यूथर किंगचं जन्मगाव. ‘द्वेष करायला आमच्या शहराला सवड नाही’ अशी तिथल्या बड्या लोकांची फुशारकी. 1973 साली मेनार्ड जॅक्सन पहिला काळा महापौर निवडून आला. 1977 मध्ये त्यानंच संपावरच्या सफाई कामगारांना कामावरून काढलं. बहुतेक काळेच. (किंगला 1968 मध्ये गोळी लागली, ती सफाई कामगारांच्या संपासाठी मेंफिसला गेला असताना. असो.)

1979 ते 1981. गरीब वस्त्यांतली वीसहून जास्त काळी पोरं मारली गेली. आयांनी समिती काढली, बोंब ठोकली, तेव्हा कुठं खास पथक नेमलं गेलं. महापौर काळा, पोलिसांचे वरिष्ठही काळे! 1982 मध्ये वेन विल्यम्सला जन्मठेप झाली, ती दोन प्रौढांच्या खुनांबद्दल. पोरांची बहुतेक प्रकरणं पोलिसांनी त्याच्याच नावावर टाकून मिटवली. बाल्डविन इथंच बोट ठेवतो. खटला दोघांचा, मग पोरांचा हिशेब कुठल्या कोर्टात झाला? गोऱ्यांचा पैसा शहरात टिकवायचा तर भानगड लवकर मिटायला पाहिजे, आणि मिटवणारा हात काळा असला तर फारच बरं. हे सांगताना तो आपल्याच माणसांची भीड ठेवत नाही. मला हे पटतं.

पण बाल्डविन पोरवयात चर्चमध्ये प्रवचनं द्यायचा, ती खोड इथंही सुटलेली नाही. विषय सोडून पानंच्या पानं तो इतिहासावर, धर्मावर, स्वतःवर बोलतो. आया मागं राहतात. त्या सापडतात टोनी केड बाम्बाराच्या ‘दोज बोन्स आर नॉट माय चाइल्ड’ या कादंबरीत. ती त्या दिवसांत अटलांटातच राहत होती. पुस्तक तिच्या मरणानंतर 1999 मध्ये निघालं. तिची झाला हरवलेल्या पोराला शोधत स्वतः दारोदार फिरते. ठोकळा पुस्तक आहे, दमवतं. तरी बाल्डविनच्या पाठोपाठ तेच हातात घ्या.

2019 साली महापौर कीशा लान्स बॉटम्स यांनी जुने पुरावे पुन्हा तपासायला लावले. त्याही काळ्याच. आयांची ओरड होऊन तोवर जवळजवळ चाळीस वर्षं झाली होती.