भाकरी, शेंगाचटणी आणि चौपाटी : सोलापूरच्या स्वस्त खाद्यसंस्कृतीची चिकित्सा

प्रस्तावना

सोलापूर शहराविषयी गेल्या काही दशकांत जे लोकप्रिय लेखन झाले, त्यात चादर, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा आणि शेंगाचटणी या तीन गोष्टी हटकून येतात. वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्या, दूरचित्रवाणीवरील खाद्यभ्रमंतीचे कार्यक्रम आणि अलीकडच्या काळातील चित्रफिती यांनी मिळून या शहराच्या खाण्यापिण्याचे एक ठरीव चित्र तयार केले आहे. 'भाग्यश्री'चा बटाटेवडा, 'सुप्रजा'ची पावभाजी, पार्क चौपाटीवरील गाड्या, सात रस्त्यावरील संध्याकाळ आणि परतीच्या प्रवासात पिशवीत पडलेली चटणीची पाकिटे, असा या वर्णनांचा क्रमही बहुधा ठरलेला असतो. त्यांत दोन विशेषणे पुनःपुन्हा भेटतात : 'झणझणीत' आणि 'स्वस्त'. दोन्ही विशेषणे खोटी नाहीत. तथापि पदार्थ स्वस्त आहे असे म्हणताना तो कोणाला स्वस्त पडतो आणि त्याच्या किमतीचा उरलेला भाग कोण सोसतो, हा प्रश्न या लेखनात क्वचितच उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात सोलापूरच्या स्वस्त खाद्यसंस्कृतीची व तिच्याविषयीच्या लेखनाची चिकित्सा याच प्रश्नाच्या आधारे केली आहे.

'झणझणीत' या विशेषणाची मर्यादा

शेंगाचटणीचे वर्णन सर्वसाधारणपणे तिखटपणाच्या अंगाने केले जाते. वस्तुतः तिचा मुख्य गुण तिखटपणा हा नसून टिकाऊपणा हा आहे. भाजून सोललेले शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, जिरे आणि मीठ एवढेच तिचे घटक. उखळात कुटताना दाण्यांचे अंगचे तेल सुटते आणि त्या तेलातच चटणी मुरते. पाण्याचा थेंबही पडत नसल्यामुळे ती अनेक दिवस राहते. मिश्रणयंत्रात केलेल्या चटणीचे कूट होते, तिला उखळातल्या चटणीसारखा तेलकट गोळीदारपणा येत नाही, हा जाणत्यांचा आग्रह केवळ चवीचा हट्ट म्हणून सोडून देता येत नाही.

कडक भाकरीचेही तसेच आहे. ज्वारीची किंवा बाजरीची पातळ भाकरी तव्यावर भाजून मंद आचेवर, निखाऱ्यांच्या कडेला पुन्हा वाळविली की तिच्यातील ओलावा निघून जातो आणि ती पापडासारखी मोडू लागते. अशी भाकरी प्रवासात, शेतावर आणि कामावर नेता येते. ती शिळी होत नाही. अवर्षणाची सवय झालेल्या प्रदेशात, जेथे उद्याच्या चुलीची शाश्वती नसे, तेथे आजच्या जळणावर पुढच्या काही दिवसांची सोय करून ठेवणारे हे अन्न आहे. लसूण आणि तिखट यांमुळे थोड्याशा तोंडीलावण्यावर पुष्कळ भाकरी खाता येते, हे त्यामागचे अर्थशास्त्र. 'झणझणीत' म्हणून ज्याचे कौतुक होते, ती पुष्कळदा भाजीची उणीव भरून काढण्याची युक्ती होती.

या पदार्थांवर 'अस्सल महाराष्ट्रीय' अशी मोहोर उमटविणेही घाईचे ठरते. विजयपूर व कलबुर्गी या शेजारच्या कन्नडभाषी जिल्ह्यांत हीच कडक भाकरी 'खडक रोट्टी' म्हणून, हीच चटणी 'शेंगा चटणी' म्हणून आणि शेंगापोळी 'शेंगा होळिगे' म्हणून ओळखली जाते. 'शेंगा' हा शब्दसुद्धा दोन्ही भाषांनी एकत्रच वापरला आहे. भुईमूग आणि मिरची ही दोन्ही पिके तर मूळची अमेरिका खंडातील. तेव्हा या चटणीचे वय आणि कुळ यांविषयीचा अभिमान थोडा बेताने बाळगलेला बरा. राज्यांच्या सीमा १९५६ आणि १९६० मध्ये नव्याने आखल्या गेल्या. तव्याने त्यांची दखल घेतली नाही.

कामाची वेळ आणि खाण्याची वेळ

१८६० मध्ये सोलापूरला रेल्वे आली आणि १८७७ मध्ये, पुढे 'जुनी गिरणी' म्हणून ओळखली गेलेली सूत व कापड गिरणी सुरू झाली. नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या त्यानंतरच्या. गिरणीच्या भोंग्याने शहराच्या जेवणाच्या वेळा ठरविल्या, हे विधान मुंबईविषयी वारंवार केले जाते. सोलापूरच्या बाबतीत मात्र ते एका महत्त्वाच्या फरकासह करावे लागते. मुंबईच्या गिरणगावात घरदार कोकणात किंवा घाटावर ठेवून आलेला एकटा पुरुष कामगार मोठ्या संख्येने होता. त्याच्यासाठी खाणावळ ही गरज होती आणि ती बहुतांशी स्त्रियांनीच चालविली. सोलापुरात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचा माग पुष्कळदा घरातच होता. जेथे माग, तेथेच चूल. अशा कुटुंबाला बाहेरच्या पूर्ण जेवणाची गरज कमी. त्याला हवे होते ते कामाच्या मधल्या सुटीत चहाबरोबर पोटाला आधार देणारे काहीतरी. सोलापूरच्या रस्त्यावरील खाण्यात थाळीपेक्षा भजी, वडा, आंबोळी, इडली अशा फराळाच्या जिनसांना जे प्राधान्य दिसते, त्याचे एक कारण येथे शोधता येते.

शहराच्या पूर्व भागातील यंत्रमाग आणि विडी हे दोन व्यवसाय या दृष्टीने एकत्र पाहावे लागतात. अनेक घरांत पुरुष मागावर आणि स्त्री विडीच्या सुपापाशी, अशी कामाची विभागणी राहिली. विडीची मजुरी हजारावर मोजली जाते. पाने भिजविणे, कापणे, वळणे, बांधणे आणि तयार माल कारखान्यात नेऊन देणे यांत जो वेळ जातो, त्यातूनच स्वयंपाकाचा वेळ काढावा लागतो. घरात रोज भाकरी थापण्याऐवजी बाहेरून दोन जिनसा आणणे या स्त्रीला परवडते ते तिची ऐपत वाढली म्हणून नव्हे. तिच्या तासाला हजारी मजुरीच्या हिशोबात किंमत आहे म्हणून. स्वस्त खाण्याचे गोडवे गाणाऱ्या लेखनात ही गिऱ्हाईक स्त्री जवळजवळ अदृश्य आहे. तिच्या घरी संक्रांतीला होणारे सकिनालुही त्यात नाहीत. रमजानच्या महिन्यात विजापूर वेस परिसरात रात्री फुलणाऱ्या बाजाराची छायाचित्रे छापली जातात, पण शहराच्या 'खास' पदार्थांच्या यादीत तेथील अन्न क्वचितच येते. याद्या करणाऱ्यांचे सोलापूर नवी पेठेपासून पार्क चौकापर्यंतच आहे की काय, अशी शंका यावी.

२००० च्या आसपासपर्यंत बहुतेक मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. कामगारवर्गाची पाळी संपली आणि संध्याकाळी सहकुटुंब बाहेर पडणाऱ्या मध्यमवर्गाची पाळी सुरू झाली. पार्क चौपाटी हे या बदलाचे ठळक चिन्ह होय. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या शहराने खाण्याच्या जागेला 'चौपाटी' म्हणावे, यात मुंबईच्या करमणुकीची ओढ स्पष्ट आहे. पदार्थही त्याच ओढीचे : भेळ, पाणीपुरी, पावभाजी, पुढे डोसा आणि चायनीजचे प्रकार. या गाड्यांवर भाकरी शोधणाऱ्याची निराशाच होण्याची शक्यता अधिक. गाडीवाल्यांच्या बाजूने एवढे मात्र म्हटले पाहिजे की, त्यांच्या स्वस्ताईचा आधार अत्यंत ठिसूळ आहे. भाडे नाही म्हणून दर कमी, आणि भाडे नाही म्हणूनच जागेवर हक्क नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने सर्वेक्षण, प्रमाणपत्र आणि नगर विक्रय समिती यांची तरतूद केली. जानेवारी २०१६ मध्ये सोलापूरचा समावेश स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत झाला. सुशोभित रस्ता आणि रस्त्यावरील गाडी यांचे नाते तेव्हापासून अधिकच अवघड झाले. खवय्यांच्या लेखनात गाडी कायम जागच्या जागी उभी असते. प्रत्यक्षात ती रोज उभी करावी लागते.

पाकपुस्तकांतील मौन

मराठीतील पाकशास्त्रीय लेखनाने या विषयाकडे पाठ फिरविण्याला परंपरेचाही आधार आहे. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने (१९७०) वाटी-चमच्याचे माप रूढ करून स्वयंपाकाला जी शिस्त दिली, ती मोलाचीच आहे. परंतु ते स्वयंपाकघर सुस्थित मध्यमवर्गीय घराचे आहे. तेथे साहित्य मोजले जाते. जळण, वेळ आणि श्रम मोजण्याची गरज पडत नाही. याउलट सोलापूरला लागून असलेल्या मराठवाड्याच्या मातीतून आलेल्या शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकाने महार व मांग समाजांच्या अन्नाची नोंद करताना पदार्थ का करावा लागला, हे आधी सांगितले आणि कसा करावा, हे त्यानंतर. शीर्षकातील 'अपूर्ण' हा एकच शब्द मराठी खाद्यलेखनातील अनेक गोड गैरसमजांना उत्तर देऊन जातो. सोलापूरच्या गिरणी, माग व विडी कामगारांच्या अन्नाविषयी या तोडीचे पुस्तक लिहिले जाणे ही खरी निकड आहे. पाककृतींच्या आणखी एका संग्रहाने ती भागणार नाही.

भाकरी कोणाच्या ताटात?

जिल्ह्याचे पीक आणि शहरातील गरिबाचे ताट यांचा संबंध कसा तुटत गेला, हे पाहिल्याशिवाय ही चर्चा अपुरी राहील. सोलापूर हा रब्बी ज्वारीचा प्रदेश. मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडलेले एम ३५-१ हे वाण अनेक दशके कोरडवाहू शेतकऱ्याचा भरवसा होऊन राहिले, आणि 'ज्वारीचे कोठार' म्हणविणाऱ्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. दुसरीकडे, २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गहू दोन रुपये व तांदूळ तीन रुपये किलो दराने देण्याची हमी दिली आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. भरड धान्याचा एक रुपया हा दरही कायद्यात होता. पण शिधापत्रिकेवर प्रत्यक्षात येत राहिले ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. जे २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, त्याच वर्षी गरिबाच्या घरी गहू फुकट आणि ज्वारी विकत अशी स्थिती होती. शेतात येईल त्याला निखाऱ्यावर भाजून मिळणारा हुरडाही दरम्यान कृषी पर्यटनाच्या तिकिटावर गेला.

भाकरी महाग होण्यात श्रमाचाही वाटा आहे. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखी लवचिकता नसल्यामुळे भाकरी लाटण्यापेक्षा थापावी लागते. पीठ ताजे लागते. विरी गेलेल्या पिठाची भाकरी काठाला चिरते. आधणाचे पाणी, तळव्याने मळणे, एकेक थापून तव्यावर टाकणे आणि वेळेवर पाणी फिरविणे हे काम घाईत उरकत नाही, आणि ते करणारे हात जवळजवळ नेहमी बाईचेच असतात. ज्या पदार्थाला 'साधी भाकरी' म्हणण्याची रीत आहे, त्यात चपातीपेक्षा अधिक कौशल्य लागते.

शासकीय स्वस्त थाळ्यांचा इतिहास या संदर्भात बोलका आहे. १९९५ मध्ये राज्यात एक रुपयात झुणका-भाकर देणारी योजना सुरू झाली. तिच्या अंमलबजावणीतील दोष सर्वपरिचित आहेत. केंद्रे बंद पडली आणि अनेक गाळ्यांतून पुढे भलतेच पदार्थ विकले जाऊ लागले. पण निदान त्या योजनेच्या नावात भाकरी होती. २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेल्या शिवभोजन योजनेत दहा रुपयांच्या थाळीसाठी शहरी भागात पन्नास आणि ग्रामीण भागात पस्तीस रुपये खर्च धरण्यात आला व फरक शासनाने अनुदान म्हणून द्यावयाचे ठरले. स्वस्ताईची उरलेली किंमत कोण भरतो, हे येथे तरी कागदावर लिहिलेले होते, आणि हा या योजनेचा निःसंशय गुण. तथापि थाळीचे स्वरूप संपूर्ण राज्यासाठी एकच ठेवण्यात आले : दोन चपात्या, एक भाजी, वरण आणि भात. कोकणातील केंद्रावर आणि सोलापुरातील केंद्रावर एकाच मापाच्या चपात्या. मंगळवेढ्याहून ज्वारीची पोती ज्या शहराच्या बाजारात येतात, त्या शहरातील हमालाला दहा रुपयांत चपाती मिळण्याची सोय झाली. भाकरी हवी असल्यास ती महामार्गावरच्या ढाब्यांत 'गावरान' या मथळ्याखाली, वेगळ्या दराने उपलब्ध आहे.