ई-बुक रीडरची तुलना आणि निवड : चंद्रपूर-गडचिरोली जिल्ह्यांतील मराठी वाचनाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

महाविद्यालयाच्या ग्रंथालय समितीपुढे ई-बुक रीडर खरेदीचा विषय येतो तेव्हा तुलना बहुधा किंमत, पडद्याचा आकार आणि साठवणक्षमता या तीन रकान्यांतच आटोपते. हे रकाने कंपन्यांच्या माहितीपत्रकांतून आलेले असतात. आणि ती माहितीपत्रके ज्या वाचकाला गृहीत धरतात तो इंग्रजी पुस्तक दुकानातून विकत घेतो, त्याच्या घरी इंटरनेट अखंड चालू असते आणि यंत्र बिघडल्यास दुसरे मागविण्याची त्याची ऐपत असते. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील अध्यापकाची स्थिती वेगळी आहे. त्याच्या वाचनातील मोठा भाग पीडीएफच्या, त्यातही जुन्या छापील पानांच्या प्रतिमांच्या स्वरूपात असतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवलेले ग्रंथ, ई-साहित्य प्रतिष्ठानची पुस्तके, 1909 चे चांदा जिल्हा गॅझेटिअर, माडिया समाजाच्या अभ्यासकाला टाळता न येणारा ग्रिगसन यांचा 1938 चा बस्तरविषयक ग्रंथ, शिवाय सहकाऱ्याने पेनड्राइव्हवर दिलेले लेख, हे त्याचे खरे ग्रंथालय होय. तेव्हा यंत्राची तुलना या साहित्यापासून सुरू व्हावयास हवी. तशी ती केली असता सर्वांत लोकप्रिय यंत्र पहिल्या क्रमांकावर राहत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

ई-शाईची वाटचाल :

केवळ वाचनासाठी बनविलेली यंत्रे 1998 मध्ये अमेरिकेत 'रॉकेट ई-बुक'च्या रूपाने बाजारात आली. परंतु त्यांचा पडदा संगणकासारखाच होता. 2004 मध्ये सोनी कंपनीने जपानमध्ये आणलेल्या 'लिब्रिए'त प्रथमच ई-शाईचा पडदा वापरला गेला. या पडद्यात सूक्ष्म कुप्यांतील काळे-पांढरे कण विद्युत्‌दाबाने वरखाली होतात आणि एकदा स्थिरावले की पान दिसत राहण्यासाठी वीज लागत नाही. म्हणून अशी यंत्रे एकदा भारित केल्यावर आठवडेच्या आठवडे चालतात आणि उन्हात त्यांचे अक्षर फिके न पडता अधिकच उठून दिसते. विजेचा लपंडाव चालणाऱ्या गावात हे दोन गुण फार मोलाचे आहेत. अमेझॉनचे किंडल नोव्हेंबर 2007 मध्ये अमेरिकेत आले आणि 2012 मध्ये भारतात विक्रीस आले. त्याआधी 2010 मध्ये इन्फिबीम या भारतीय कंपनीने 9,999 रुपयांना 'पाय' हे यंत्र आणले होते. ते बाजारात टिकले नाही. 2013 मध्ये आलेल्या कोबोचेही येथे बस्तान बसले नाही. भारतीय ग्राहकाच्या मनात 'ई-बुक रीडर' आणि 'किंडल' हे शब्द समानार्थी झाले ते यामुळे, आणि तुलनेची सवयही त्यामुळेच मोडली.

पानाचा आकार आणि नागरी अक्षर :

सहा इंची पडद्याची लांबी-रुंदी साधारणतः 12 × 9 सेंटिमीटर भरते. मराठी ग्रंथव्यवहारात रूढ असलेले डेमी आकाराचे पान सुमारे 21.5 × 14 सेंटिमीटरचे असते. म्हणजे पूर्ण पान पडद्यावर बसविले तर ते जवळजवळ निम्मे होते. ए-फोर आकाराच्या शोधनिबंधाची अवस्था याहून बिकट होते. 12 पॉइंटचा मजकूर सुमारे 5 पॉइंटचा दिसू लागतो. कादंबरीच्या ई-पब धारिकेत अक्षर मोठे केले की ओळी आपोआप नव्याने मांडल्या जातात; पानाच्या प्रतिमेत तसे काही घडत नाही. वाचकाला पान वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवावे लागते, आणि ई-शाईचा पडदा सरकविण्याच्या कामी मुळातच मंद आहे. तळटीप पाहून मूळ ओळीवर परत येईपर्यंत वाक्याचा धागा सुटलेला असतो. उलट 10.3 इंची पडद्यावर डेमी पान जवळजवळ मूळ आकारात दिसते आणि ए-फोर पान सुमारे सत्तर टक्के आकाराचे राहते. संशोधन करणाऱ्या अध्यापकाच्या दृष्टीने हा फरक सोयीपुरता उरत नाही. यंत्र वापरात राहणार की टेबलाच्या खणात जाणार हे त्यावरच ठरते.

पडद्याच्या रेखीवपणाचा प्रश्न याला जोडूनच येतो. नागरी अक्षराला शिरोरेखेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार असा दोन्ही बाजूंनी विस्तार असतो. रोमन लिपीत पुरेशी वाटणारी इंचाला 167 ठिपक्यांची घनता नागरीत अनुस्वार आणि छपाईतला डाग यांची गल्लत घडवते. किंडलच्या सर्वांत स्वस्त प्रकारात 2022 पर्यंत हीच घनता होती, त्यानंतर ती 300 झाली. जुने यंत्र स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्यांनी ही बाब ध्यानात घ्यावी.

मराठीची म्हणून काही वेगळी कसोटीही आहे. 'दर्या' आणि 'दऱ्या' या शब्दांत केवळ र-काराच्या लेखनाने समुद्र आणि डोंगरांमधली खोल जागा इतका अर्थभेद होतो. 'ॲ' हे अक्षर तर युनिकोडमध्ये 2008 मध्ये समाविष्ट झाले. ते न ओळखणारे यंत्र तेथे रिकामा चौकोन दाखवते. युनिकोडपूर्व फाँटांत अक्षरजुळणी झालेल्या पुस्तकांची पीडीएफ डोळ्यांना निर्दोष दिसते, पण तिच्यातील शब्द शोधू गेल्यास किंवा तिचे ई-पबमध्ये रूपांतर केल्यास हाती निरर्थक चिन्हे येतात. श्री-लिपी किंवा कृतीदेवमध्ये जुळविलेल्या मजकुराशी झुंजलेल्या अध्यापकाला हे वेगळे सांगावयास नको. अशा साहित्यासाठी पान जसेच्या तसे, पुरेशा आकारात दाखविणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

पुस्तक कोणाचे?

छापील पुस्तक ग्रंथालयात आले की दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक मिळतो आणि त्यानंतर ते परत नेण्याचा अधिकार प्रकाशकाला नसतो. ई-पुस्तकाच्या बाबतीत ग्राहक बहुधा वाचनाचा परवाना विकत घेतो. जुलै 2009 मध्ये अमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांच्या '1984' आणि 'ॲनिमल फार्म' या पुस्तकांच्या एका आवृत्तीच्या प्रती ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतल्या. विक्रेत्याकडे प्रकाशनहक्क नव्हते हे कारण खरे होते आणि पैसेही परत दिले गेले. तरी विकलेली वस्तू दुरून उचलून नेता येते हे त्या दिवशी सिद्ध झाले. फ्लिपकार्टने 2015 मध्ये ई-पुस्तकांची विक्री थांबविली. मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा विकलेली पुस्तकेही उघडेनाशी झाली.

या जिल्ह्यांच्या दृष्टीने अधिक निकटची घटना फेब्रुवारी 2025 मधील आहे. विकत घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून तारेने किंडलमध्ये टाकण्याची सोय अमेझॉनने 26 फेब्रुवारी 2025 पासून बंद केली. स्वतःजवळची पीडीएफ तारेने टाकता येते. पण विकत घेतलेले पुस्तक यंत्रात यावयाचे तर यंत्रालाच इंटरनेट हवे. शहरात या बदलाची दखलही कोणी घेणार नाही. परंतु तालुक्याच्या गावी जाऊन दहा-वीस धारिका एकदम उतरवून आणायच्या आणि महिनाभर वाचायच्या, अशी पद्धत असलेल्या वाचकाचा रस्ताच येथे अडतो. किंडल तारेने दिलेली ई-पब धारिका थेट उघडतही नाही. ती आधी अमेझॉनच्या सेवेमार्फत पाठवावी लागते किंवा संगणकावर रूपांतरित करावी लागते. हे रूपांतर 'कॅलिबर' या विनामूल्य प्रणालीने इंटरनेटशिवाय होते. (2006 मध्ये ती सुरू करणारे कोविद गोयल भारतीय वंशाचे आहेत, याचा उल्लेख आपल्याकडे क्वचितच होतो.) कोबो, पॉकेटबुक यांसारखी यंत्रे ई-पब थेट वाचतात. अँड्रॉइडवर चालणाऱ्या ऑनिक्स बूक्ससारख्या यंत्रांत निरनिराळ्या विक्रेत्यांची ॲप घालता येतात; बुकगंगाची पुस्तके तिच्या स्वतःच्या ॲपमध्ये वाचावी लागत असल्याने मराठी वाचकाला ही सवलत लहान नाही. या यंत्रांची अधिकृत विक्री आणि दुरुस्ती आपल्या भागातून कितपत शक्य आहे, हे मात्र मागणीपत्र देण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.

ऊन, पूर आणि हाताळणी :

किंडलच्या वापरासाठी निर्मात्याने 0 ते 35 अंश सेल्सिअस ही तापमानमर्यादा दिलेली आहे. चंद्रपूरचा मे महिना 45 अंशांच्या घरात जातो. परीक्षेच्या कामासाठी उन्हात उभ्या केलेल्या गाडीत यंत्र राहिले तर त्याच्या बॅटरीचे आयुष्य माहितीपत्रकाप्रमाणे भरेल, ही अपेक्षा करू नये. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो; त्या दिवसांत यंत्रात आधीच असलेले पुस्तक तेवढे कामाचे. 2018 पासूनचे पेपरव्हाइट जलरोधक आहे, ही त्याची निःसंशय जमेची बाजू. ई-शाईचा पडदा काचेचा आणि नाजूक असतो. घाना देशात 2010 पासून शाळकरी मुलांना किंडल देणाऱ्या 'वर्ल्डरीडर' संस्थेच्या उपक्रमात पडदे फुटणे हीच मोठी अडचण ठरली होती. ग्रंथालयाच्या देवघेवीत यंत्र ठेवावयाचे असल्यास कव्हराचा खर्च आरंभीच धरला पाहिजे, अन्यथा डेडस्टॉक रजिस्टरमध्ये यंत्राची नोंद होण्यास आणि निर्लेखनाचा प्रस्ताव येण्यास फारसे अंतर राहत नाही.

महाविद्यालयीन वापराचे अनुभवही बोलके आहेत. 2009 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात 9.7 इंची किंडल डीएक्सचा प्रयोग झाला, तेव्हा समासात टिपा लिहिता येत नाहीत ही विद्यार्थ्यांची मुख्य तक्रार होती. ॲरिझोना राज्य विद्यापीठावर तर अंध व्यक्तींच्या संघटनांनी दावा दाखल केला, कारण यंत्राचे पर्याय दृष्टिहीनांना चालविता येत नव्हते. जानेवारी 2010 मध्ये तो तडजोडीने मिटला. आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये झाला आहे. तरीही यंत्र मराठी मजकूर वाचून दाखविते काय, हा रकाना तुलनेच्या कोष्टकात येत नाही.

मराठीपलीकडचा वाचक :

गडचिरोली जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार अनुसूचित जमातींची लोकसंख्या 38.7 टक्के आहे. सिरोंच्यात तेलुगू, मुलचेरा-चामोर्शी भागातील वसाहतींत बंगाली, इतरत्र गोंडी, माडिया आणि झाडीबोली अशी भाषिक रचना आहे. डिसेंबर 2016 मध्ये किंडलच्या दुकानात भारतीय भाषांची पुस्तके आली तेव्हा त्या यादीत हिंदी, तमिळ, मराठी, गुजराती आणि मल्याळम होत्या. तेलुगू आणि बंगाली नव्हत्या. मसराम गोंडी लिपीला युनिकोडमध्ये 2017 मध्ये आणि गुंजाळा गोंडीला 2018 मध्ये स्थान मिळाले. युनिकोडमध्ये स्थान मिळाल्याने यंत्राला लिपी आपोआप येत नाही. फाँट बाहेरून घालता येतो काय आणि घातल्यावर जोडाक्षरे नीट जुळतात काय, हे प्रत्यक्ष पाहावे लागते. 2011 मध्ये याच दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आहे. त्याच्या कक्षेतील ग्रंथालयाने 'गोंडी दिसते काय' हा प्रश्न विक्रेत्याला विचारला नाही, तर तो अन्य कोण विचारणार?

निवडीविषयी :

इंग्रजी कादंबऱ्या आणि किंडलवर प्रकाशित झालेली मराठी पुस्तके स्वतःच्या खर्चाने वाचणाऱ्या व्यक्तीला किंडल उत्तम आहे. एप्रिल 2025 मध्ये 16,999 रुपयांना आलेले सात इंची पेपरव्हाइट त्या मर्यादेत समाधान देते. ग्रंथालयाचा विचार निराळा. लहान पडद्याची दहा बंदिस्त यंत्रे घेण्यापेक्षा दहा इंची, ई-पब व पीडीएफ थेट वाचणारी, तारेने धारिका स्वीकारणारी दोन यंत्रे घ्यावीत. रंगीत नकाशे आणि छायाचित्रे यांसाठी साधा टॅबलेटच बरा. रंगीत ई-शाईची रंगातील घनता इंचाला 150 ठिपक्यांच्या आसपासच राहते. एन-लिस्टची ई-पुस्तके इंटरनेटवर खाते उघडून वाचावयाची असल्याने तीही संगणकावर वाचणेच सोयीचे.

मागणीपत्रापूर्वी विक्रेत्याकडून एक नमुना यंत्र मागवावे आणि पेनड्राइव्हवरील पाच धारिका संगणकामार्फत, इंटरनेट बंद ठेवून, त्यात टाकून पाहाव्यात : चांदा गॅझेटिअरचे तळटिपांचे पान, साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या एखाद्या जुन्या ग्रंथाची पीडीएफ, युनिकोड मराठी ई-पब, तेलुगू किंवा बंगाली पाठ आणि गोंडी लिपीतील एक पान. नमुना देण्यास विक्रेता तयार नसेल, तर कोष्टकातील एक नाव तेथेच कमी करता येते.